इटलीत जेवण मागवताना पथ्यं कशी सांगायची?

अवनी_ठाणे:
नमस्कार मंडळी,
सप्टेंबरमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन इटलीला जायचं ठरलंय. रोम, फ्लॉरेन्स (तिथून एक दिवस पिसा), बोलोन्या आणि शेवटी व्हेनिस. आम्ही दोघं अंडं खातो, सासू-सासरे नाही. त्यात चातुर्मास, त्यामुळे सासूबाईंचा कांदा, लसूण आणि वांगं बंद. सोबत नणंद आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा येतोय. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आणि ती गंभीर आहे.

डबे, थेपले, रेडी-टू-ईट खिचडी सगळं नेणार आहोतच, पण सासूबाईंनी स्पष्ट सांगितलंय, "घरचं घरी आहेच, मला तिथलं खायचंय." त्यांची ही हौस मला मनापासून पुरी करायची आहे. "सोनो वेजेतारियाना" एवढं पाठ झालंय. तेवढ्यावर भागेल का? वेटरला इटालियनमध्ये नेमकं काय विचारायचं? जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रानवारा:
रोम-व्हेनिसमध्ये सगळ्यांना इंग्रजी येतं हो. मेनूवर हिरवं पान असतं, बोट दाखवायचं आणि मागवायचं. उगाच टेन्शन नका घेऊ.

मिलानकर:
रानवारा, पर्यटकांच्या चौकातल्या हॉटेलांपुरतं तुमचं बरोबर आहे. पण चांगलं जेवण दोन गल्ल्या आत मिळतं, आणि तिथे स्वयंपाकघरात जो माणूस उभा असतो त्याच्यापर्यंत प्रश्न इटालियनमधूनच पोचतो.

अवनीताई, "शाकाहारी आहे" एवढ्यावर भागत नाही, कारण इथे मांस बऱ्याचदा पदार्थात दिसत नाही, ते त्याच्या मुळाशी, सारात किंवा चरबीत, असतं. मिलानचा प्रसिद्ध केशरी रिझोत्तो घ्या. ताटात फक्त पिवळा भात दिसतो. पारंपरिक कृतीत मात्र तो गाईच्या हाडातल्या मगजावर परततात आणि मांसाच्या ब्रोदोत, म्हणजे सारात, शिजवतात. वाढणाऱ्या माणसाच्या मनात फसवणूक अजिबात नसते. त्याच्या लेखी तो भाताचाच पदार्थ.

म्हणून स्वतःचं वर्णन करत बसू नका, पदार्थाची चौकशी करा. चार गोष्टी नाव घेऊन विचारायच्या:

ब्रोदो: "ए ब्रोदो दी कार्ने ओ वेजेताले?" (सार मांसाचं की भाज्यांचं?) रिझोत्तो आणि सूप घेताना हे हवंच.

स्त्रुत्तो: डुकराची चरबी. "चे लो स्त्रुत्तो नेल्लिम्पास्तो?" (पिठात चरबी आहे का?) ब्रेड, पियादीना (चपटी रोटी), तळलेलं आणि गोडसुद्धा. नेपल्सची स्फोल्यातेल्ला आणि सिसिलीच्या कान्नोलीचं कवच पारंपरिक पद्धतीत चरबी घालूनच करतात.

आच्चूगे किंवा आलीची: छोटे खारवलेले मासे. भाजीत, सॉसमध्ये विरघळून जातात, डोळ्यांना दिसत नाहीत.

पान्चेत्ता, ग्वान्चाले, स्पेक, प्रोश्शुत्तो: डुकराचे प्रकार. "कार्ने नको" म्हटल्यावरही प्रोश्शुत्तोचे तुकडे येऊ शकतात, कारण बोलीभाषेत कार्ने म्हणजे शिजवलेलं ताजं मांस असा अर्थ अनेकांच्या डोक्यात असतो. "नेआन्के प्रोश्शुत्तो" (प्रोश्शुत्तोसुद्धा नको) हे जोडायचंच.

वेटरला खात्री नसेल तर तो आत जाऊन विचारून येतो, आणि मनापासून येतो. नाविल्यी कालव्याजवळच्या एका छोट्या त्रात्तोरियात (खाणावळीत) मी ब्रोदोबद्दल विचारलं, तर आजोबांच्या वयाचा मालक आतून वाटीभर सार घेऊन आला. तळाशी सेलरीचा दांडा आणि गाजराची चकती होती. चमच्याने ढवळून दाखवलं आणि म्हणाला, "सोलो वेर्दूरे." फक्त भाज्या. इतक्या आस्थेने विचारपूस करणारी माणसं इथे भेटतात, त्यामुळे विचारायला संकोच करू नका.

गोडाचा_शिरा:
सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा. माझ्या मामेसासऱ्यांनी व्हेनिसला जाऊन चितळ्यांची बाकरवडी खाल्ली आणि परत येऊन "इटालियन जेवण फार छान" असं सगळ्यांना सांगितलं.

सायली_क:
@मिलानकर, खूप उपयोगी. थोडी भर: बाईमाणसाने वेजेतारियाना, पुरुषाने वेजेतारियानो. सगळ्यांतर्फे बोलायचं तर "सियामो वेजेतारियानी". पण त्यापेक्षा "नॉन मान्जामो ने कार्ने ने पेशे ने उओवा" (आम्ही मांस, मासे, अंडी खात नाही) हे वाक्य जास्त कामाचं, त्यात काय नको ते थेट येतं. आणि आधी "स्कूझी" म्हणून लक्ष वेधायचं, नुसतं चुटकी-हात नाही.

डॉ_निशिगंध:
मूळ पोस्टमधलं एक वाक्य वाचून थांबले, म्हणून वेगळं लिहिते. भाच्याची ॲलर्जी आणि सासूबाईंचं चातुर्मासाचं पथ्य एका दमात सांगू नका. दोन वेगळी वाक्यं, आणि ॲलर्जीचं आधी.

"इल बाम्बीनो ए आल्लेर्जिको आल्ले आराकिदी. ए उनाल्लेर्जीया ग्रावे." (मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. गंभीर आहे.)

आराकिदी म्हणजे शेंगदाणे. बदाम, अक्रोड वगैरेंना "फ्रुत्ता आ गूशो" म्हणतात, ती वेगळी यादी. त्याला दोन्हींची असेल तर दोन्ही सांगा.

इटलीत तळणीसाठी शेंगदाण्याचं तेल सर्रास वापरतात. सुप्ली (भाताचे तळलेले गोळे), फ्रेंच फ्राइज, भोपळ्याच्या फुलांची भजी, कशालाही. म्हणून तळलेल्या प्रत्येक गोष्टीला "इन के ओल्यो फ्रिज्जेते?" (कुठल्या तेलात तळता?) विचारायचं. जेलातोच्या (इटालियन आइस्क्रीमच्या) दुकानात एकच पळी सगळ्या डब्यांतून फिरते. तिथे "ऊना पालेत्ता पुलीता, पेर फावोरे" म्हणजे स्वच्छ पळी मागा आणि शक्यतो नुकता उघडलेला डबा.

युरोपियन युनियनच्या ११६९/२०११ या नियमानुसार १३ डिसेंबर २०१४ पासून हॉटेलांनाही १४ ॲलर्जिकारक घटकांची माहिती द्यावी लागते. शेंगदाणे त्यात आहेत. "पोस्सो वेदेरे ला लीस्ता देल्यी आल्लेर्जेनी?" म्हटलं की तक्ता आणून देतात. बऱ्याच मेनूंवर पदार्थापुढे १ ते १४ आकडे छापलेले असतात, त्यांचा अर्थ शेवटच्या पानावर.

ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा, हॉटेलच्या खोलीत नाही. आपत्कालीन क्रमांक ११२.

मिलानकर:
डॉक्टर, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्या १४ च्या यादीचा शाकाहाऱ्यांनाही अर्धा उपयोग आहे, आणि अर्धा धोका. अंडं आणि मासे त्यात आहेत, म्हणजे विरघळलेली आच्चूगे आणि पास्त्यातलं अंडं दोन्ही पकडता येतं. पण मांस त्या यादीत नाहीच. चरबी, मांसाचं सार, जिलेटिन, कशालाच आकडा नाही. कांदा-लसूणही नाही. त्यामुळे पदार्थापुढे एकही आकडा नाही म्हणून तो शाकाहारी, असं समजू नका.

बंडोपंत_पुणे:
सोपा उपाय सांगतो. कांद्या-लसणाचीसुद्धा ॲलर्जी आहे असं ठोकून द्यायचं. झक मारत वेगळं करून देतात.

डॉ_निशिगंध:
बंडोपंत, कृपया हे कुणीही करू नये. ॲलर्जी म्हटलं की भांडी, सुरी, ओटा सगळं वेगळं घ्यावं लागतं. आत माणसाची धावपळ होते, आणि तुम्ही शेजारच्याच्या ताटातला गार्लिक ब्रेड उचलून खाल्लात की त्या माणसाचा या शब्दावरचा विश्वास उडतो. पुढच्या टेबलावर अवनीताईंच्या भाच्यासारखं मूल बसलेलं असू शकतं. धार्मिक कारण सरळ सांगावं, "पेर मोतीवी रेलिजोझी". तेही आदराने ऐकतात.

रानवारा:
डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. आणि मिलानकरांचं वाचून माझं हिरव्या पानाचं मत थोडं मागे घेतो.

सातारी_तडका:
मी वेगळा मुद्दा मांडतो. मूळ पदार्थातून हे काढा, ते काढा असं सांगण्याच्या मी विरोधात आहे. कार्बोनारा मागवायचा आणि डुकराचं मांस काढा, अंडं काढा म्हणायचं, मग उरलं काय? तो स्वयंपाकीही नाराज आणि आपणही अर्धपोटी. त्यापेक्षा जन्मतःच शाकाहारी असलेले पदार्थ शोधा. इटलीत ते भरपूर आहेत, कारण गरिबांच्या घरात मांस सणासुदीलाच असायचं. तोस्कानात शिळ्या ब्रेडची पाप्पा आल पोमोदोरो आणि रिबोल्लीता, पुल्यात फावे ए चिकोरिया (बाकल्याचं दाट वरण आणि कडवट पालेभाजी), पालेर्मोत बेसनाची पानेल्ले. पिसाला जाणार आहात तर चेचीना चुकवू नका. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल आणि मीठ एवढंच, मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजतात. वरून खरपूस आणि आत पिठल्याच्या वडीसारखी मऊ. सासूबाई खूश होतील, लिहून ठेवा.

सायली_क:
@सातारी_तडका, चेचीनाला +१. पण पाप्पा आल पोमोदोरोत लसूण असतो आणि रिबोल्लीतात कांदा. चातुर्मास आहे त्यांचा!

सातारी_तडका:
अरे हो, चातुर्मास. मग वांग्याची पार्मिज्याना पण गेली. चंपाषष्ठीपर्यंत थांबा म्हणावं सासूबाईंना, मग भरीत-रोडग्याबरोबर तीही करू.

केळफूल:
कुणीच चीजबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मी जैन कुटुंबातली आहे. पार्मिज्यानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या काल्योने, म्हणजे रेनेटने, विरजतात. संरक्षित नावाच्या नियमातच तसं आहे, त्यामुळे शाकाहारी पार्मिज्यानो असा प्रकारच नाही. पेकोरिनो रोमानोला कोकराचं काल्यो. ग्राना पादानोलाही वासराचंच, शिवाय त्यात बहुतेकदा अंड्याच्या पांढऱ्यापासून काढलेलं लायसोझाइम असतं. वेष्टनावर "लिसोझीमा" आणि पुढे "उओवो" दिसेल. अंडं न खाणाऱ्यांना हे कुणी सांगतच नाही. मास्कार्पोने मात्र आम्ल घालून करतात, त्याला काल्यो लागत नाही. दुकानातून चीज घेताना "काल्यो वेजेताले" किंवा "मिक्रोबिको" लिहिलेलं शोधा.

बंडोपंत_पुणे:
इतकं खोलात गेलं तर माणसाने पाणी पिऊन परत यावं.

केळफूल:
पाणी पिऊन कशाला, मी तिथे उत्तम जेवले. माहिती असली की निवड आपली राहते, एवढंच. माझ्या सासरी काही जण पार्मिज्यानो खातात, काही खात नाहीत, कुणी कुणाला बोलत नाही. ज्यांना नको त्यांनी पास्ता मागवतानाच "सेन्त्सा फोर्माज्जो" सांगायचं. काही ठिकाणी वरून चीज किसून घालायची पद्धत इतकी अंगवळणी पडलेली असते की वेटर न विचारताच खवणी फिरवतो.

कृष्णाकाठ:
थोडं अवांतर. क्रेमोना, रेज्जो एमिल्या भागात याच चीजसाठी दूध देणाऱ्या गोठ्यांत खूप पंजाबी माणसं काम करतात. नोवेल्लाराला मोठा गुरुद्वारा आहे. बोलोन्याहून त्या बाजूला जाणं झालं तर तिथला लंगर पूर्ण शाकाहारी.

गोडाचा_शिरा:
आणि सप्टेंबरातल्या एकादशीला काय करायचं? शेंगदाणा चालतो त्या दिवशी, पण भाचा शेजारी बसलाय.

सायली_क:
एकादशीला अंजीर आणि द्राक्षं! सप्टेंबर म्हणजे दोन्हींचा हंगाम, बाजारात ढीग असतात. भाजलेले बटाटे मिळतात, "पाताते आल फोर्नो", पण कधी मांसाबरोबर एकाच ट्रेमध्ये भाजतात आणि लसूणही असू शकतो. विचारून घ्या.

अवनी_ठाणे:
किती लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना रात्री सगळं वाचून दाखवलं. केळफूल यांचा चीजचा मुद्दा ऐकून त्यांनी पार्मिज्यानो नको असं ठरवलंय, मोत्झारेल्ला काल्यो कुठलं ते विचारून चालेल म्हणाल्या. सासरे म्हणतात, मला चालेल. नणंदेने डॉक्टरांची वाक्यं छापून कार्ड करून घेतलंय, भाच्याच्या गळ्यात अडकवणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. कांदा, लसूण, अंडं, वांगं, जुनं चीज हे सगळं वगळून सासूबाईंनी प्रत्येक गावात नेमकं काय मागवायचं?

मिलानकर:
गावागावाने सांगतो.

रोम: पिझ्झा मार्गेरीता. चांगल्या ठिकाणी टोमॅटो कच्चेच कुस्करून नुसतं मीठ घालतात, कांदा-लसूण नसतो. तरी "सेन्त्सा आल्यो ए चिपोल्ला" म्हणा आणि मोत्झारेल्लाशिवाय दुसरं चीज किसून घालतात का तेही विचारा. "नापोली" नावाचा पिझ्झा रोममध्ये आच्चूगेवाला असतो, तो टाळा. मारिनाराच्या नावात समुद्र आहे पण मासे नाहीत, लसूण मात्र आहे. भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांत मोत्झारेल्लाबरोबर आच्चूगा भरतात, आणि पुन्तारेल्ले या पालेभाजीलाही आच्चूगेचाच सॉस. पुढची सोय म्हणजे जुन्या ज्यू वस्तीतली दुग्धप्रकारची कोशर हॉटेलं. धर्मनियमाने दूध आणि मांस एकत्र चालत नाही, त्यामुळे तिथे मांस नसतंच. मासे आणि अंडी असतात, तेवढं विचारा.

फ्लॉरेन्स: पांढऱ्या घेवड्याचे दाणे ऑलिव्ह तेल घालून, "कान्नेल्लीनी आल्लोल्यो". शिजवताना लसणाची पाकळी टाकतात का ते विचारायचं. तिथला ब्रेड बिनमिठाचा असतो, त्या बाबतीत सासूबाईंची आधीच समजूत घाला.

बोलोन्या: सगळ्यात अवघड गाव. ताजा पास्ता म्हणजे अंड्याचाच. "पास्ता सेक्का" म्हणजे कोरडा पास्ता आहे का विचारा, तो रवा आणि पाण्याचा असतो. "इन बियान्को, कोन ओल्यो, सेन्त्सा फोर्माज्जो" मागितलं तर लहान मुलांसाठी आणि आजारी माणसांसाठी करतात तसा साधा पास्ता कुठेही करून देतात, कुणी नाक मुरडत नाही. क्रेशेन्तीने, तिजेल्ले, पियादीना या तिथल्या रोट्यांत स्त्रुत्तो. फेर्राराचा पिळाचा ब्रेडही चरबीचाच. सासऱ्यांनाही ताज्या पास्त्याच्या तोर्तेल्लोनी देऊ नका, अंडं असतं.

सातारी_तडका:
बरोबर. आणि सगळीकडे कोन्तोर्नी, म्हणजे जोडीच्या भाज्यांचं पान उघडा. वेर्दूरे ग्रिल्याते (भाजलेल्या भाज्या) मागवा, फक्त "सेन्त्सा मेलान्झाने" सांगा, नाहीतर वांग्याच्या चकत्या पहिल्या येतील. पेपेरोनी दिसलं तर घाबरू नका, ती ढोबळी मिरची.

डॉ_निशिगंध:
गोडात पान्ना कोत्ता नको, त्यात जिलेटिन. त्याला "कोल्ला दी पेशे" म्हणतात, पण आजकाल ते बहुतेक डुकराचं असतं. तिरामिसूत कच्चं अंडं. जेलातोत "क्रेमा" अंड्याच्या बलकाचं, "फियोर दी लात्ते" साधारण बिनअंड्याचं. भाच्यासाठी फळाचं सोर्बेत्तो बरं, तरी पळी स्वच्छच.

अवनी_ठाणे:
व्हेनिस राहिलं. एका मेनूचा फोटो नेटवर पाहिला. "बीगोली इन साल्सा" असं आहे, नुसत्या सॉसमधल्या जाड शेवया वाटतात. सासूबाईंना चालेल?

मिलानकर:
अजिबात नाही. तो साल्सा म्हणजे भरपूर कांदा आणि त्यात विरघळवलेले खारे मासे, नावात काहीच लिहिलेलं नसतं. व्हेनिसला पोलेंता मागवा, मक्याचं पीठ आणि पाणी. "सेन्त्सा ब्रोदो, सेन्त्सा फोर्माज्जो" सांगा आणि सोबत "फुंगी" म्हणजे मश्रूम असतील तर त्यात लसूण आहे का विचारा, बहुतेकदा असतो. नसेल तिथे निर्धास्त घ्या.